मूर्तीला हात दोघांचे, मग नाव एकाचंच का?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबणार आहे, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल, पण आधी पूर्ण वाचा एवढी विनंती.

चवथ जवळ आली की सगळ्याच पेपरांत आमच्या गोव्यातल्या चित्रशाळांचे, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या शाळांचे, फोटो यायला लागतात. डिचोली, मये, माशेल, म्हापसा, कुठली ना कुठली शाळा असते, मागे रांगेत ओल्या-सुक्या मूर्ती आणि पुढे एक माणूस बारीक ब्रश घेऊन गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतोय. फोटो छान असतो आणि तो यायलाच हवा, कारण आमच्या गावोगावच्या शाळांची आठवण लोकांना तेवढ्या पंधरा दिवसांतच होते. खाली ओळ असते, मूर्तीवर शेवटचा हात फिरवताना मूर्तिकार अमुक. आता बऱ्याच शाळांत होतं काय, की ज्याचं नाव छापून आलंय तो त्या फोटोत नसतोच, तो आत माती तुडवत असतो नाहीतर गिऱ्हाइकाशी बोलत असतो, आणि ब्रश धरून बसलेला माणूस भलताच असतो, त्याचं नाव कोणी विचारलेलंच नसतं. मूर्तिकाराने लपवलं असंही नाही हो. वार्ताहराने विचारलं 'मूर्ती कोणाची?', त्याला उत्तर मिळालं, विषय संपला.

मी चित्रकार आहे, फोंड्यात राहते. वर्षभर कॅनव्हासवर काम करते आणि श्रावण लागला की एका चित्रशाळेत रंगकामाला जाते. तिथले मूर्तिकार माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, मी त्यांना काका म्हणते, आणि त्यांच्यासोबत काम करता करता मला जे कळलं ते कुठल्याही आर्ट कॉलेजच्या वर्गात कळलं नसतं. म्हणून हे पत्र. मला रंगाऱ्याची बाजू घेऊन मूर्तिकाराशी भांडायचं नाहीये हे आधीच सांगते. मला एवढंच म्हणायचंय की जिथे काम दोघांनी मिळून केलंय तिथे नाव दोघांचं लागलं पाहिजे, पुतळ्याच्या पाटीवर, प्रदर्शनाच्या फॉर्मवर, पेपरच्या फोटोओळीत आणि बिलावरही.

लोकांना वाटतं मूर्ती आधी पूर्ण होते आणि मग तिला रंग 'मारतात'. ज्याने शाळेत एक दुपार काढलीय त्याला विचारा. माती भिजवून, तुडवून, खडे वेचून मूर्ती उभी राहते, सावलीत सुकते, सुकताना जिथे एक भाग जाड आणि शेजारचा पातळ असेल तिथे हमखास तडा जातो, तो बुजवायचा, मग पॉलिश पेपर, मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने, आणि सगळ्यात शेवटी डोळे. हा क्रम बरोबर आहे, पण निर्णय या क्रमाने होत नाहीत. डोळ्याचंच बघा. वरच्या पापणीची कड मातीत किती उचलायची हे काका ठरवतात, पण कड जास्त उचलली तर तिची खरी सावली बुबुळावर पडते, त्यावर मी काळी रेघ ओढली की सावलीवर सावली होते आणि गणपती एकतर रागावलेला दिसतो नाहीतर झोपाळू. कड अगदीच बसकी ठेवली तर डोळा कागदावर काढल्यासारखा सपाट, बाजूने बघितला तर डोळाच नाही. त्यामुळे कच्च्या मूर्तीपाशीच आमचं बोलणं होतं, काका बोटाने पापणी दाबतात, मी खिडकीच्या उजेडात मूर्ती फिरवून बघते, थोडी कमी करा म्हणते, ते कधी ऐकतात, कधी म्हणतात तू रेघ कडेवर नको ओढूस, कडेच्या केसभर वर ओढ, आणि तसं केलं की खरंच डोळा उघडतो. आता सांगा, तो डोळा कोणाचा?

पुढचं अजून आहे. घरात मूर्ती उंच चौरंगावर बसते, वर माटोळी (फळा-पानांची टांगलेली आरास), खाली माणसं पाटावर किंवा उभी. म्हणजे नजर किंचित खाली हवी. काका मान अगदी थोडी पुढे झुकवतात आणि मी बुबुळ वरच्या पापणीला टेकवते पण खालच्या पापणीपासून सोडते, दोन्ही जमलं तरच आरतीला उभं राहिलेल्याला वाटतं की देव आपल्याकडे बघतोय. मान न झुकवता नुसतं बुबुळ खाली आणलं तर डोळे मिटल्यासारखे होतात, मान झुकवली आणि बुबुळ मधोमध राहिलं तर नजर पायाशी जाते. एकट्याच्या हातात ते नाहीच. पितांबराच्या चुण्यांचंही तसंच, चुणी खोल काढली असेल तर मी रंग सपाट देते कारण सावली चुणीच पाडते, चुणी उथळ असेल तर तिथे गडद छटा मला भरावी लागते, आणि हे आधी ठरलं नसेल तर दोघांनीही तेच काम केल्याने पितांबर मळकट दिसतो. स्प्रे गन आल्यापासून तर हे बोलणं आणखी गरजेचं झालंय, गन वरून मारली की चुणीच्या खालची बाजू पांढरीच राहते.

ही काही फक्त आमच्या शाळेची गोष्ट नाही आणि नवीनही नाही. ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटिलिस, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला, त्याला कोणीतरी विचारलं की तुझ्या संगमरवरी मूर्तींपैकी तुला स्वतःला कुठल्या आवडतात, तर तो म्हणाला ज्यांना निकियासचा हात लागलाय त्या. निकियास चित्रकार होता, मूर्ती रंगवायचा. ही गोष्ट प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलीय म्हणून आपल्याला माहितीय. आज म्युझियममध्ये त्या काळच्या मूर्ती पांढऱ्याफटक दिसतात कारण रंग उडून गेलाय, आणि रंगासोबत रंगवणाऱ्यांची नावंही गेली, एखाद्या निकियासचं राहिलं ते शिल्पकाराने स्वतःहून घेतलं म्हणून. एवढ्या मोठ्या शिल्पकाराला ते नाव घेताना कमीपणा वाटला नाही.

दुसरं उदाहरण स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं, आणि ते आम्हा गोंयकारांना जास्त जवळचं वाटेल, कारण रंगवलेल्या लाकडी मूर्ती आमच्याकडे जुन्या गोव्याच्या चर्चांत आणि सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात कोणालाही जाऊन बघता येतात. सतराव्या शतकात सेव्हिलमध्ये कायदाच असा होता की लाकूड कोरणाऱ्याने कोरायचं आणि रंगवायचं ते परवाना असलेल्या चित्रकाराने. हुआन मार्तिनेझ मोंतान्येस हा तिथला सगळ्यात नावाजलेला शिल्पकार आणि त्याच्या मूर्ती रंगवायचा फ्रान्सिस्को पाचेको, जो पुढे वेलास्केझ या थोर स्पॅनिश चित्रकाराचा गुरू आणि सासरा झाला. या दोघांनी मिळून केलेला क्रूसावरचा ख्रिस्त सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये आहे, 1603 ला ठरलेलं काम. ते काम देताना करारात लिहिलं होतं की ख्रिस्त जिवंत हवा, मान झुकलेली हवी आणि पायाशी बसून प्रार्थना करणाऱ्याकडे तो बघतोय असं वाटलं पाहिजे. हे वाचलं तेव्हा मला आमची शाळाच आठवली, मान शिल्पकाराची आणि नजर चित्रकाराची. पाचेकोचं आणखी एक म्हणणं होतं की अंगाचा रंग चकचकीत नको, मॅट हवा, चकाकी आली की उजेड नको तिथे चमकतो आणि शिल्पकाराने काढलेला बारीक आकार मरतो. आमच्याकडे हल्ली अंगाला वॉर्निश मारून मूर्ती चकचकीत मागणारी गिऱ्हाइकं वाढलीयत, त्यांना हे सांगावंसं वाटतं. चमक दागिन्यांना राहू द्या.

पण त्याच दोघांचं पुढे बिनसलं, आणि बिनसलं ते पैशांवरून. मोंतान्येसने एका मोठ्या वेदीचं सगळं काम, रंगासकट, स्वतःच्या नावावर घेतलं आणि चित्रकारांना त्यातला हिस्सा आपण देऊ असं ठेवलं, त्यावर पाचेकोने 1622 मध्ये जाहीर पत्रक काढून त्याच्यावर टीका केली. चारशे वर्षं झाली, आणि आजही एखाद्या पंचायतीने किंवा संस्थेने उठावशिल्पाचं काम काढलं की टेंडर एकाच्या नावावर, रक्कम एकरकमी, आणि रंग करणाऱ्याला त्यातून जे उरेल ते. मैत्रीत सुरुवातीला कोणी बोलत नाही आणि काम झाल्यावर दोघांची तोंडं दोन दिशांना, असे जोडीदार मी इथेच बघितलेत, दोघंही गुणी, आज एकमेकांच्या प्रदर्शनाला जात नाहीत.

आता कोणी म्हणेल की नाव नेहमी शिल्पकाराचं लागतं आणि चित्रकार बिचारा मागे राहतो अशी ही एकतर्फी तक्रार आहे. नाही. उलटं झाल्याचं उदाहरण तर फारच मोठं आहे. फ्रेंच चित्रकार रेन्वार म्हातारपणी संधिवाताने इतका जखडला होता की बोटं आखडून गेली होती. 1913 च्या सुमाराला व्होलार या चित्रविक्रेत्याने त्याला शिल्पं करायला सुचवलं आणि हाताखाली रिशार गिनो हा तरुण कातालान शिल्पकार दिला. रेन्वार 1841 चा, गिनो 1890 चा. रेन्वारची चित्रं आणि त्याच्या सूचना समोर ठेवून गिनोने माती घडवली, उभी व्हीनस, धुणं धुणारी बाई, अशी बरीच शिल्पं झाली, ती जगभर गेली आणि नाव लागलं एकट्या रेन्वारचं. गिनो पुढे कोर्टात गेला. पॅरिसच्या कोर्टाने 1971 मध्ये त्याला सहकर्ता मानलं आणि नोव्हेंबर 1973 मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ते कायम केलं, पण गिनो त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. कोर्टाने बघितलं ते हे की घडवताना गिनोला स्वतःचं काही ठरवायची मोकळीक होती का, की तो फक्त सांगितलेलं हाताने करत होता. मोकळीक होती, म्हणून शिल्प दोघांचं.

मला ही कसोटी फार पटते, आणि आपल्याकडेही तीच लावावी असं माझं मत आहे. रंगकाम करणारा प्रत्येक जण सहकर्ता नसतो हे मी मान्य करते. नमुना समोर ठेवून 'हा गुलाबी इथे, हा पिवळा तिथे' असं काम करणारी मुलं आमच्याही शाळेत आहेत, त्यांची मेहनत मोठी आहे, त्यांना मजुरी वेळेवर आणि नीट मिळाली पाहिजे, पण ते वेगळं. जिथे रंगवणाऱ्याच्या म्हणण्याने आकार बदलला किंवा घडवणाऱ्याच्या म्हणण्याने रंग बदलला, तिथे काम दोघांचं झालं. हे तपासायला कोर्ट नको, दोघांना विचारलं की ते स्वतःच सांगतात.

माझ्या स्वतःच्या अनुभवातलं एक काम सांगते. एका संस्थेच्या बाहेरच्या भिंतीवर मी आणि माझ्यासोबत काम करणारा एक शिल्पकार मित्र, आम्ही खाजन शेतीवर उठावशिल्प केलं. खाजन म्हणजे आमची खाऱ्या पाण्याच्या काठची बांध घालून राखलेली शेतं, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडतात, तिथेच जाळं लावून मासे धरतात. चित्राच्या मध्यभागी जाळं फेकणारा माणूस. मित्राने आधी जाळं मातीत काढलं, दोरी न दोरी, गाठ न गाठ, अतिशय देखणं काम. त्याचा सिमेंटमध्ये एक नमुना तुकडा करून मी रंगवला आणि आम्ही तो त्याच भिंतीला टेकवून दिवसभर ठेवला. भिंत पश्चिमेची. सकाळी सगळं ठीक होतं पण दुपारी ऊन डोक्यावरून आलं तेव्हा प्रत्येक दोरीची सावली खाली पडून जाळ्यामागचं पाणी पार काळं झालं, माझा निळा-हिरवा कुठे दिसेना, आणि जाळं एवढं उठून आलं की माणूसच हरवला. मी म्हटलं दोऱ्या थोड्या कमी खोल कर. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, जाळं मी काढतच नाही, ते तू रंगव, मी फक्त माणसाचा खांदा आणि मनगट घडवतो, जाळ्याचं वजन तिथे दिसलं पाहिजे. आणि त्याने तसंच केलं. स्वतःचं सगळ्यात देखणं काम काढून टाकलं. खांद्याचा स्नायू ताणलेला, मनगट उलटं वळलेलं, पायाचा अंगठा चिखलात रुतलेला, आणि जाळं नुसतं रंगात, पातळ पांढऱ्या रेषा, कुठे सुटलेल्या, कुठे पाण्यात विरलेल्या. आता लोक समोर उभे राहून हात लावून बघतात, जाळं उचललेलं आहे की सपाट ते त्यांना लांबून कळत नाही. हे मला एकटीला सुचलं नसतं आणि त्यालाही, कारण उन्हात निळ्याचं काय होतं हे मला माहीत होतं आणि वजन अंगात कुठे येतं हे त्याला.

भिंत झाली, उद्घाटन झालं, पाटी लागली. पाटीवर शिल्पकाराचं नाव, पाहुण्यांचं नाव, अध्यक्षांचं नाव, बांधकाम ठेकेदाराचंही नाव. माझं नाही. मित्राने स्वतः जाऊन सांगितलं की काम दोघांचं आहे, तर उत्तर मिळालं की अर्जात कलाकाराचा कॉलम एकच होता आणि पाटी ग्रॅनाइटमध्ये कोरून झालीय. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, आणि संस्थेचं नावही मला इथे घ्यायचं नाही कारण त्यांच्याजागी दुसरं कोणी असतं तरी हेच झालं असतं. कॉलम एकच असतो, ही खरी अडचण आहे. प्रदर्शनांच्या फॉर्मवरही मी हेच बघितलंय, विभाग निवडा, चित्र की शिल्प, आणि कलाकाराचं नाव एक. रंगवलेलं शिल्प घेऊन गेलं की काउंटरवरचा माणूसच गोंधळतो, हे कुठे घालू.

आणि हे आपल्याकडे व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण गोव्यात नाटकाच्या बाबतीत आपण किती काटेकोर आहोत बघा. गावच्या काल्यातल्या किंवा जत्रेतल्या नाटकाचं हँडबिल असलं तरी नेपथ्य कोणाचं, प्रकाशयोजना कोणाची, रंगभूषा कोणाची, पार्श्वसंगीत कोणाचं, सगळी नावं असतात. नाट्यस्पर्धांमध्ये या प्रत्येकाला वेगळं बक्षीस असतं. कोणी असं म्हणत नाही की नाटक दिग्दर्शकाचं, बाकीचे मदतनीस. मग हीच रीत मूर्तीला आणि शिल्पाला का लागू नये? पणजीच्या कला अकादमीचंच घ्या, इमारत चार्ल्स कोरियांची आणि आतल्या भिंतींवरची चित्रं मारिओ मिरांडांची, आणि गोव्यातला कोणीही रसिक दोन्ही नावं घेतो, मारिओंचं नाव घेतल्याने कोरिया कुठे लहान झाले? उलट नाट्यगृहाच्या भिंतीवरचे ते चितारलेले प्रेक्षक बघताना आपल्याला कळतं की वास्तुकाराने चित्रकाराला जागा दिली आणि चित्रकाराने त्या जागेचं ऐकलं.

पॅरिसमध्ये 1983 पासून एक कारंजं आहे, पाँपिदू सेंटरच्या शेजारी, स्ट्राविन्स्की कारंजं म्हणतात त्याला. त्यात 16 शिल्पं आहेत, काळ्या लोखंडाची फिरणारी यंत्रं ज्याँ तँगलीची आणि भडक रंगांचे ओठ, पक्षी, हत्ती निकी द सां फालचे. ती दोघं नवराबायको होती, तरी नावं दोन आहेत. आमच्याकडे नवराबायको मिळून शाळा चालवतात अशी घरं मला माहीत आहेत, रंगाचं सगळं काम बायको बघते, आखणीसुद्धा, आणि बोर्डावर नाव नवऱ्याचं आणि सासऱ्याचं. हे बोलायला हवं, कारण रंगकामात बायका खूप आहेत आणि त्यांचं नाव कुठेच नाही.

कायद्याचं थोडं, कारण लोक विचारतात की नाव लागलं नाही तर काय बिघडलं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात दोघांनी मिळून केलेल्या कामाची व्याख्या आहे, दोघांचा वाटा एकमेकांपासून वेगळा काढता येत नसेल तर ते संयुक्त काम. आणि कलम 57 मध्ये कर्त्याला आपलं नाव सांगण्याचा आणि कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क आहे, काम विकून टाकलं तरी तो राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं ब्राँझचं भव्य म्युरल 1979 मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं, ते कोर्टात गेले आणि 2005 मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्युरल त्यांना परत द्यायला आणि वर 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. म्हणजे नाव ही नुसती हौस नाही. उद्या त्या खाजनाच्या भिंतीवर कोणी डिस्टेंपर मारून जाळं बुजवलं तर मी कोण म्हणून बोलणार? पाटीवर तर मी नाहीच.

रंग बुजवण्याची भीती उगाच वाटत नाही. पुतळे आणि उठावशिल्पं यांची रंगरंगोटी आपल्याकडे कशी होते ते सगळ्यांनी बघितलंय. महोत्सव आला, मंत्री येणार, की ऑइल पेंटचा डबा घेऊन कोणीतरी चढतो आणि मूळचा रंग, मूळच्या छटा, सगळ्यावर एकच सोनेरी हात. शिल्पकाराचं नाव माहीत असतं म्हणून निदान आकाराला कोणी हात लावत नाही. रंगाला कोणी वालीच नाही, कारण तो कोणी दिला हे कुठे लिहिलेलं नाही आणि काय वापरलं होतं हेही नाही. पाटीवर चित्रकाराचं नाव असेल तर निदान विचारायला तरी कोणाकडे जायचं ते कळेल.

मूर्तींच्या बाबतीत हे येत्या काळात जास्तच लागणार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित सूचनांनी प्लास्टर ऑफ पॅरिस नको, विषारी रंग नको, पाण्यात विरघळणारे निरुपद्रवी रंग वापरा असं सांगितलंय आणि ते योग्यच आहे, पण असे रंग मातीवर वेगळे वागतात. माती ते पिऊन घेते, सुकल्यावर फिके पडतात, दुसरा हात जोरात दिला तर पहिला उठून येतो. त्यासाठी मूर्तीचा पृष्ठभाग किती घोटायचा, माती किती बारीक गाळायची, इथपासून मूर्तिकाराला रंगाऱ्याचं ऐकावं लागतं. आमच्या काकांनी आता शेवटचा घोटा ओल्या फडक्याने द्यायला सुरुवात केलीय आणि हळदीचा पिवळा त्यामुळे एकसारखा बसतो. हे शहाणपण दोघांच्या बोलण्यातून येतं, आणि ज्याचं नाव कुठेच नाही त्याने ते बोलण्याची तसदी का घ्यावी? आलेली मुलं दोन-तीन सीझन करतात आणि फ्लेक्सच्या दुकानात नाहीतर कॅसिनोत नोकरीला जातात. चांगला आखणी करणारा हात मिळत नाही अशी ओरड प्रत्येक शाळेत आहे.

आता मागणं काय ते सांगते. सरकारी आणि पंचायतीच्या कलाकामांच्या अर्जात कलाकार म्हणून एकापेक्षा जास्त नावं लिहायची सोय हवी आणि कोणी काय केलं ते पुढे लिहायला जागा हवी. मोबदल्याची वाटणी दोघांच्या सहीने अर्जासोबतच जोडली जावी, म्हणजे पुढची भांडणं टळतात. प्रदर्शनं भरवणाऱ्या संस्थांनी संयुक्त कामांसाठी एक विभाग ठेवावा, बक्षीस लहान असलं तरी चालेल. आर्ट कॉलेजांनी चित्र आणि शिल्प शिकणाऱ्या मुलांना वर्षातून एक तरी काम जोडीने करायला लावावं आणि मार्क जोडीलाच द्यावेत, मुलं सुरुवातीला वैतागतील, पण दोघांनी मिळून ऊन बघितलं की शिकतील. जुन्या कामांच्या पाट्या बदलणं सोपं नाही हे मला कळतं, पण खाली एक छोटी पट्टी लावायला काही जात नाही. माझ्या शिल्पकार मित्राने आमच्या भिंतीसाठी तसा अर्ज पुन्हा दिलाय, त्याच्या सहीने, मी सांगितलेलं नसताना.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे मागणं एवढंच आहे. यंदाच्या चवथीला आपले वार्ताहर चित्रशाळांत जातील तेव्हा त्यांना 'मूर्ती कोणी घडवली' याच्यासोबत 'रंग आणि आखणी कोणाची' एवढा एक प्रश्न जादा विचारायला सांगा आणि जे नाव सांगतील ते फोटोखाली त्याच आकाराच्या अक्षरात छापा. माशेल आणि कुंभारजुव्याच्या देखाव्यांना हेच, शिगम्याच्या चित्ररथांनाही हेच. मूर्तिकार आनंदाने सांगतील, माझी खात्री आहे, काकांना मी विचारलंय, ते म्हणाले आधी तिचं नाव लिहा, माझं लोकांना माहीत आहे. वार्ताहरांनी आखणी बघायला यायचं असेल तर दुपारी चारच्या आत यावं, कारण त्यानंतर उजेड पिवळा होतो आणि आम्ही डोळ्यांना हात लावत नाही.

आपली नम्र,
एक चित्रकार वाचक,
फोंडा, गोवा